बूट जमिनीवर की पायडलवर?

 

आज आम्ही सायकलच्या पायडलवर बोलणार आहोत. हसू नका. आमच्या बचत गटाची एक अख्खी बैठक या पायडलवरून गाजली. एका घरात दोन दिवस अबोला राहिला आणि एका पोरीचा खेळ सुटता सुटता राहिला. म्हणून हे बोलणं.

झालं असं. आमच्या गटातल्या एका बाईची मुलगी ट्रायथलॉन नावाचा खेळ खेळते. आधी पोहायचं, लगेच सायकल चालवायची आणि लगेच पळायचं. मध्ये विश्रांती नाही आणि घड्याळही थांबत नाही. ही पोर पोहायला शिकली ती शेतातल्या विहिरीत, पाठीला डबा बांधून. सायकल शिकली ती आठवीत, मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या शाळेच्या सायकलवर. पळायला तर कोणी शिकवावं लागलंच नाही. आता तिच्याकडे गिअरची जुनी सायकल आहे, आणि छोट्या अंतराची स्पर्धा करायची तिची तयारी चालली आहे. छोटं अंतर म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर पळणं.

तिनं गटाकडे कर्ज मागितलं. कशाला, तर पाय अडकवायच्या पायडलला. पायडल, त्याचे बूट आणि बुटाखाली बसणारी क्लीट, सगळं मिळून एका शेळीची किंमत होत होती. आमच्यातल्या एकीनं लगेच विचारलं, "सायकलला पायडल आहेत की! मग दुसरी कशाला?" प्रश्न बरोबरच होता. त्याचं उत्तर शोधता शोधता आम्हाला जे कळलं ते आज सांगतो.

आधी हा खेळ समजून घेऊ. ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉन पहिल्यांदा आला सन २००० मध्ये, सिडनीला. आणि पहिली शर्यत बायकांची झाली, १६ सप्टेंबरला. दीड किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल, १० किलोमीटर पळणं. स्वित्झर्लंडची ब्रिजिट मॅकमेहॉन पहिली आली आणि ऑस्ट्रेलियाची मिशेली जोन्स दुसरी. दोन तासांच्या झटापटीनंतर दोघींत फरक होता दोन सेकंदांचा! पुढे २०१२ मध्ये लंडनला तर निकोला स्पिरिग आणि लिसा नॉर्डेन या दोघींची वेळ सारखीच भरली. फोटो बघून ठरवावं लागलं की सोनं स्पिरिगचं.

आपल्या महाराष्ट्राच्या पोरीही यात मागे नाहीत. जानेवारी-फेब्रुवारी २०२५ मध्ये उत्तराखंडला राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या. तिथे हल्द्वानीला ट्रायथलॉनमध्ये महाराष्ट्राच्या डॉली पाटीलनं सुवर्ण आणि मानसी मोहितेनं रौप्य जिंकलं. पहिली दुसरी दोन्ही आपलीच. शेजारच्या गोव्यात पणजीजवळ मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ पासून मोठ्या अंतराची स्पर्धा भरते. तिथे १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर पळणं असतं. नोकरी करणाऱ्या, लेकरंबाळं असलेल्या बायकाही तिथे उतरतात.

आता सेकंद कुठे जातात ते बघा. पाण्यातून बाहेर आल्यावर सायकलीपर्यंत पळायचं, हेल्मेट घालायचं, सायकल घेऊन रेषेपर्यंत जायचं आणि रेषा ओलांडल्यावरच बसायचं. सायकल संपली की रेषेच्या अलीकडे उतरायचं, सायकल जागेवर लावायची, मग हेल्मेट काढायचं, पळायचे बूट घालायचे आणि निघायचं. या दोन अदलाबदलींचा वेळही एकूण वेळेत धरतात. म्हणून खेळाडू तिला खेळाचा चौथा भाग म्हणतात. चुलीवर भाकरी असताना दूध उतू जाऊ लागलं तर आपण कशा हात चालवतो? तसंच आहे हे. घाई दिसता कामा नये, पण एकही हात रिकामा राहता कामा नये.

आणि इथेच पायडलचा प्रश्न येतो.

पाय अडकवायचं पायडल म्हणजे काय, ते सांगतो. बुटाच्या तळव्याला एक छोटा तुकडा बोल्टनं बसवतात, त्याला क्लीट म्हणतात. पायडलवर स्प्रिंग असते. वरून पाय दाबला की क्लीट खटकन आत बसते. सोडवायचं असेल तर पाय वर ओढायचा नाही. टाच बाहेरच्या बाजूला फिरवायची, की पाय सुटतो. दुकानात याला 'क्लिपलेस' म्हणतात, म्हणजे क्लिप नसलेलं. आम्ही चक्रावलो, कारण पाय तर अडकतोच! मग कळलं की पूर्वी शर्यतीच्या सायकलींच्या पायडलवर बोटांपुढे एक पिंजरा आणि वरून चामड्याचा पट्टा असायचा. त्या पिंजऱ्याला क्लिप म्हणायचे. तो गेला, म्हणून हे क्लिपलेस. नाव पडलं ते पडलं.

हे पायडल आलं कुठून, ती गोष्ट ऐकण्यासारखी आहे. फ्रान्सची लूक नावाची कंपनी बर्फावर घसरायच्या फळ्यांना, म्हणजे स्कीला, बूट धरून ठेवणारी कडी बनवायची. घसरणारा माणूस पडला की ती कडी आपोआप सुटायला हवी, नाही तर पाय मोडतो. तीच युक्ती कंपनीनं सायकलला लावली. १९८५ मध्ये बर्नार इनो यानं ते पायडल लावून टूर द फ्रान्स ही मोठी शर्यत जिंकली, आणि मग सगळे त्याच्यामागे गेले. म्हणजे बघा, या पायडलचं मूळच पाय सोडवण्यात आहे. ही गोष्ट आम्हाला आधी ठाऊक असती तर बरं झालं असतं.

कारण आमच्या पोरीनं मोठ्या खेळाडूंचे फोटो बघितले आणि तसलंच जुनं पायडल कुणाकडून तरी घेतलं. गटानं कर्ज दिलं होतं, आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या होत्या. चौथ्या दिवशी ती नांदेड रस्त्यावरून परत येत होती. फाट्यावर उसाचा ट्रॅक्टर आडवा वळला. तिनं ब्रेक मारला, सायकल थांबली, पण पाय सुटेना. उभी सायकल तशीच्या तशी झाड कोसळावं तशी आडवी झाली. मनगट सुजलं, कोपर सोलपटलं. नशीब की पडली ती रस्त्याच्या कडेच्या बाजूला. मागून वाहन असतं तर काय, हा विचार आजही आमच्या अंगावर काटा आणतो.

घरी आजी म्हणाली, "पोरीचा पाय बांधून सायकल चालवायला कोणी सांगितलं? उद्यापासून बंद." आणि खरं सांगायचं तर आमच्यातल्या निम्म्या जणींना आजीचं पटलं होतं.

मग आम्ही काय केलं? ती पायडल काढून आमच्या गावातल्या सायकल दुरुस्त करणाऱ्या दादाकडे नेली. त्यानं पहिल्यांदा दोन गोष्टी दाखवल्या. एक, स्प्रिंगचा स्क्रू पार शेवटपर्यंत आवळलेला होता. अशा बऱ्याच पायडलवर एक छोटा स्क्रू असतो, त्यानं पकड सैल किंवा घट्ट करता येते. नवशिक्यानं ती सगळ्यात सैल ठेवायची. आमच्या पोरीला हे कुणी सांगितलंच नव्हतं. दोन, बुटाखालची क्लीट झिजून तिची कड गेली होती. झिजलेली क्लीट कधी अवचित सुटते, कधी अडकून बसते. म्हणजे दोष पोरीचा नव्हता आणि खेळाचाही नव्हता. आपण न बघता घेतलं, हे चुकलं.

मग शनिवारी आम्ही चार जणी, ती पोर आणि दादा असे शाळेच्या मैदानावर बसलो आणि नीट विचार केला. आम्हाला सापडलेला प्रश्न एकच आहे, आणि पायडल घेणाऱ्या प्रत्येकीनं तो आधी स्वतःला विचारावा. अदलाबदलीच्या वेळी तुझे सायकलचे बूट कुठे थांबणार? जमिनीवर की पायडलवर?

पहिला मार्ग, बूट जमिनीवर. पोहून आलीस, सायकलीजवळ बूट घातलेस आणि बूट घालून सायकल घेऊन रेषेपर्यंत पळालीस. परत आल्यावर बुटासकट उतरलीस, सायकल लावलीस आणि तिथे बूट बदललेस. या मार्गात बूट घालून पळावं लागतं. म्हणून इथे दोन बोल्टांची क्लीट बरी. शिमानो कंपनीनं हा प्रकार १९९० मध्ये आणला, त्याला एसपीडी म्हणतात. क्लीट लोखंडी आणि लहान असते, बुटाच्या रबरी तळव्यात खोल बसते, त्यामुळे जमिनीला फारशी लागत नाही. चालता येतं, पळता येतं, पाय घसरत नाही. शिवाय यातली बरीच पायडल दोन्ही बाजूंनी सारखी असतात. पाय कसाही ठेवा, बसतो. खाली बघत चाचपडावं लागत नाही. यात एक क्लीट अशीही मिळते की पाय नुसता बाजूलाच नाही, तर इतर दिशांना ओढला तरी सुटतो. शिकणारीसाठी ती चांगली.

दुसरा मार्ग, बूट पायडलवर. मोठ्या खेळाडू हेच करतात. बूट आधीच पायडलमध्ये अडकवून ठेवलेले असतात. टाचेमागच्या फासातून रबरबँड घालून तो सायकलच्या सांगाड्याला अडकवतात, म्हणजे बूट आडवा राहतो, लोंबकळत जमिनीला घासत नाही. खेळाडू अनवाणी पळत येते, रेषेपुढे उडी मारून सायकलवर बसते, पाय बुटावर ठेवून दोन-चार पायडल मारते. रबरबँड तुटतो. वेग आला की एकेक पाय बुटात सरकवून पट्टी ओढते. परत येताना शेवटच्या काही मीटरमध्ये पाय बुटातून काढून बुटावर ठेवते आणि अनवाणीच उतरते. बूट पायडलवरच राहतात.

आता गंमत बघा. या दुसऱ्या मार्गात पाय पायडलमध्ये किती सहज बसतो आणि किती सहज सुटतो, याचा अदलाबदलीशी फारसा संबंधच उरत नाही! बूट आधीच बसलेला आहे आणि काढायचाही नाही. उलट, सायकल घेऊन पळताना धक्क्यानं बूट गळून पडू नये इतकी पकड हवी. इथे पायडलपेक्षा बूट महत्त्वाचा. तोंड मोठं, टाचेला धरायचा फास आणि वर एकच रुंद पट्टी, ती चर्र वाजून चिकटणारी. नाडीचे किंवा चकती फिरवून आवळायचे बूट ओल्या पायांनी, चालत्या सायकलवर घालणं अवघड जातं.

या मार्गात बहुतेक जणी तीन बोल्टांची क्लीट वापरतात. तिचा पाया रुंद असतो, जोर पायभर पसरतो, लांब अंतरावर तळवा दुखत नाही. पण ती प्लास्टिकची असते आणि तळव्याबाहेर उघडी येते. तिच्यावर फरशीवरून चालणं म्हणजे केळीच्या सालीवरून चालणं. आपल्या मुरमाच्या रस्त्यावर ती झिजते, आणि पावसाळ्यात काळी माती भरली की पायडलमध्ये बसतच नाही. शिवाय पायडल एकाच बाजूनं चालतं. फाट्यावर थांबून पुन्हा निघताना पायाच्या बोटानं ते वळवून घ्यावं लागतं. त्याची सवय व्हायला वेळ लागतो.

तिसराही मार्ग आहे, आणि तो सांगायला लाजायचं कारण नाही. साधं, खरखरीत, दातेरी पायडल आणि पळायचेच बूट. पोहून आलीस, पळायचे बूट चढवलेस, सायकल चालवलीस आणि तसंच पळत सुटलीस. बूट एकदाच घालायचे. छोट्या स्पर्धेत, पहिल्या वर्षी, यानं वाचलेला वेळ पाय अडकवून मिळणाऱ्या फायद्याच्या जवळपास जाऊ शकतो, आणि शेळीची किंमतही वाचते. नियमही आड येत नाही.

आमच्या पोरीचं काय ठरलं? ती अजून उडी मारून बसायला शिकलेली नाही. तिला रोज शेतरस्त्यानं जावं लागतं, मध्येच उतरावं लागतं. म्हणून दोन बोल्टांचं, दोन्ही बाजूंचं पायडल घेतलं. जुनं विकलं, थोडे पैसे घातले. आजीला सांगितलं की परवानगी लगेच देऊ नका, आधी बघा. मग मैदानात आजीसमोर परीक्षा झाली. सायकल भिंतीला टेकवून एका पायानं पन्नास वेळा आत-बाहेर, मग दुसऱ्या पायानं पन्नास वेळा. नंतर गवतावर हळूहळू चालवत, आम्ही टाळी वाजवली की लगेच पाय सोडून थांबायचं. आजीनं स्वतः टाळ्या वाजवल्या, त्याही अचानक, पोरगी बेसावध असताना. तीन दिवसांनी आजी म्हणाली, "आता सुटतो पाय." बस्स, तीच परवानगी.

घेणाऱ्या मैत्रिणींसाठी चार गोष्टी सांगून ठेवतो.

पहिली, पायडल आणि क्लीट एकाच पद्धतीची हवी. दोन बोल्टांची क्लीट तीन बोल्टांच्या पायडलमध्ये बसत नाही. बूट घेताना उलटा करून भोकं मोजा. तीन बोल्टांत शिमानोच्या क्लीट रंगावरून ओळखता येतात. पिवळी पायाला सर्वांत जास्त हलू देते, निळी थोडं, लाल अजिबात नाही. सुरुवात पिवळीनं करा. पाय जखडला तर गुडघा बोलायला लागतो.

दुसरी, क्लीट बसवताना ती पायाच्या चवड्याखाली, अंगठ्यामागच्या उंचवट्याच्या आसपास येऊ द्या. फार पुढे गेली तर पोटऱ्या भरतात. चालवून बघा, गुडघ्यात कळ आली तर जागा बदला. दुखणं सहन करत बसू नका. आपल्याला सहन करायची सवय आहे, पण इथे ती कामाची नाही.

तिसरी, पायडल बदलताना लक्षात ठेवा की डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते सुलट दिशेनं सोडवायला गेलात तर आणखी आवळतं आणि आटे खराब होतात. बसवण्याआधी आट्यांना थोडं ग्रीस लावा, म्हणजे पुढच्या वेळी सुटेल.

चौथी आणि सर्वांत मोठी. थांबायच्या आधी पाय सोडायचा, थांबल्यावर नाही. फाटा दिसला, गुरं दिसली, गर्दी दिसली, की आधी एक पाय मोकळा. हे अंगवळणी पडेपर्यंत महामार्गावर जायचं नाही. हेल्मेटचंही तसंच. स्पर्धेत सायकल जागेवरून काढायच्या आधी हेल्मेटचा पट्टा लागलेला हवा, नाही तर दंड होतो. आम्ही म्हणतो, तो नियम घरालाही लावा.

आणि सेकंदांचं म्हणाल तर ते पायडलपेक्षा सरावात जास्त आहेत. आम्ही मैदानात दोन विटा ठेवून रेषा आखली, पाण्याची बादली ठेवली. पोरगी डोक्यावर पाणी ओतून घेते, ओल्या पायांनी पळत येते, हेल्मेट, बूट, सायकल, रेषा. एक जण मोबाईलवर वेळ लावते. पहिल्या आठवड्यात आणि तिसऱ्या आठवड्यात अर्ध्या मिनिटाहून जास्त फरक पडला. पायडल तेच होतं. फरक इतकाच की हेल्मेट उलटं करून, पट्टे बाहेर काढून हँडलवर ठेवायला ती शिकली, बुटात थोडी पावडर टाकायला शिकली आणि कशानंतर काय हे हाताला पाठ झालं.

पुढच्या वर्षी तिला उडी मारून बसायला शिकायचं आहे. तेव्हा बूट पायडलवर थांबतील आणि कदाचित पायडलही बदलेल. तेव्हाचं तेव्हा बघू. कर्जाचे हप्ते ती ट्यूशन घेऊन फेडते आहे, अजून एकही चुकलेला नाही.

आणि आजी? आजी आता संध्याकाळी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या पोरींना सांगते, "सायकल कितीही पळव बाई, पण पाय कसा सोडवायचा ते आधी शीक."

आमचंही सांगणं तेवढंच.